तलवारीला तीस नावं

ओस्लाक पडला नदीच्या उथळ वाटेपाशी,
जिथं भरतीचं खारं पाणी लव्हाळ्यांच्या मुळांत शिरतं.
मग त्याच्या हातून ज्यांनी ज्यांनी कडी घेतली होती
ते सारे पडले, त्याच्याभोवती,
थंडीत मेंढरं गोळा व्हावीत तसे.

तिसऱ्या रात्री मला बोलावणं आलं.
दालनात ओल्या लोकरीचा वास, बाकं अर्धी रिकामी,
आणि मधाच्या दारूचं शिंग
धनिणीच्या हातून फिरता फिरता
कुणीच नसलेल्या जागांपाशी क्षणभर थांबत होतं.

आमची रीत अशी: ओळ मधोमध मोडायची, भाकरीसारखी,
आणि दोन्ही तुकडे एका अक्षरानं सांधायचे.
समुद्राला समुद्र म्हणायचं नाही, सीलमाशांचं अंगण म्हणायचं.
देह म्हणजे श्वासाचं खोपट. तलवार, ढालीची सवत.
मेपलची हार्प गुडघ्यावर घेतली नि सुरू केलं:

    रात्रभर रेतीत      रक्त राखत होते,
    ढळली नाही ढाल,      ढासळला तो देह,
    भाले भंगले,      भाक भंगली नाही—

बाकांवर मुठी आपटल्या. एक म्हातारा रडला.
तेव्हा दारातून मिल्ड्रिथ बोलली,
ईल मासे धरणाऱ्याची विधवा, हातांना अजून चिखल:
"तलवारीला तीस नावं आहेत तुझ्याजवळ.
माझा टिड्बर्ट परत आलाय.
सोळावं सरलं नाही त्याचं. त्याला एक नाव दे.
गावानं दिलंय ते सोडून."

तारांवर हात तसाच राहिला.
ढाल ढळली नाही, हे मी कुठं पाहिलं होतं?
मी दोन कोसांवर अंथरुणात, तापानं फणफणत.
काल रात्री लव्हाळ्यात, सापळ्यांच्या टोपल्यांमागे बसून
त्यानंच सांगितलं सगळं, दातावर दात आपटत:
कोण कसा पडला, कोण काय ओरडलं,
आणि ओस्लाकनं शेवटी देवाचं नाही, आईचं नाव घेतलं.
ते मी गाळलं. अक्षर जुळत नव्हतं.

धन्यामागे जगू नये, हे मीच शिकवलं पोरांना,
याच आगटीपाशी, तीस हिवाळे.
सगळेच तसे वागले असते
तर आज मी काय गात बसलो असतो?

हे मोठ्यानं म्हणालो नाही.
धनीण बघत होती,
माझ्या दंडावरचं कडं तिच्या नवऱ्याचं.

घसा खाकरला. नवी ओळ धरली:

    तो तेवढा तगला,

दुसरा तुकडा सुचेना.
दालन वाट पाहत राहिलं. आगटीत लाकूड तडकलं.
मिल्ड्रिथनं डोक्यावरून शाल ओढली
आणि अर्धी ओळ तशीच उचलून अंधारात गेली,
पोरासाठी भाकरी न्यावी तशी.