बावीस आरे

नांदेडात, गुरुद्वाऱ्यामागच्या गल्लीत
मलकितसिंग टाकनं तो माझ्या तळहातावर ठेवला
अन् म्हणाला, आधी बोट लांब घ्या, मग खटका दाबा.
खट्.
हजेरीत नाव आल्याबरोबर
बाकावरून उभं राहणाऱ्या पोरासारखं
पातं आलं बाहेर.

मुठीला तीन रंग, मधे निळं चक्र
सुईनं कोरून भरलेलं.
अकराशे म्हणाला, साडेआठशेला दिला.
"देशाचं हाय भाऊ, लई पाडू नका."

माझ्याकडं हा धरून एकोणतीस झाले.
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतात:
शिंगाच्या मुठीचा, हाडाच्या मुठीचा,
एक माशाच्या आकाराचा, शेपटीत कडी असलेला,
अन् एक, ज्याला नुसतं बूच काढायचं नख आहे,
पातं कधी होतं का कुणास ठाऊक.
ते डब्यातले. हा खिशातला.
खांबावर एक हात कायम खांबाचाच असतो.
उरलेल्या हातानं उघडेल तो चाकू आपला.

मग त्याचा दिवस असा:
वायरची साल काढणं,
मीटरच्या पेटीत घुसलेली कुंभारमाशीची माती खरवडणं,
दुपारी सबस्टेशनच्या लिंबाखाली पेरूच्या फोडी,
मीठ डब्याच्या झाकणात.
आफताब हात पुढं करतो,
"ए, तुझा झेंडा दे की जरा,"
अन् त्यानं नखातली ग्रीस काढत बसतो.

अनुसयामावशीनं खादी केंद्रात एकतीस वर्षं
झेंड्याचंच कापड विणलं.
बोटभर जागेत धागे किती, झोपेत विचारा.
मी हौसेनं दाखवला.
तिनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
चक्रावर नख टेकवून मोजत गेली.
पुन्हा मोजलं.
"बावीसच हायत की रे."
मूठ उलटी करून बघितली,
उरलेले दोन मागं सांडले असतील म्हणून.
"अन् झेंडा कुणी खिशात ठेवतंय का? तंबाखूशेजारी?"
म्हणालो, झेंडा नाही मावशी, चाकू आहे.
"मग चाकूवानी ऱ्हाऊ दे. रंग कशाला?"

याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही.

सतरा सप्टेंबरला शाळेत
बिरादार सरांनी दोरी ओढली
अन् कप्पीत दोरीचा फुटका पीळ अडकला.
झेंडा अर्ध्यावर.
अर्ध्यावर म्हणजे कुणी गेल्यावर असतो तसा.
सलामीतले हात हळूहळू खाली झुकायला लागले,
एका पोरानं उजव्याला डाव्याचा टेकू दिला.
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं,
आपला वायरमन, म्हणून.

शिडी हलत होती.
वर पोचलो, खिशात हात घातला
अन् तिथंच थांबलो जरा.
खालून सर, "काय करायलास?"
मूठ पुरती मुठीत झाकली.
खट्.
अख्ख्या मैदानानं ऐकलं.
पिसारलेले धागे दोनदा रेटून कापले,
कप्पी फिरली,
अन् झेंडा माझ्या गालाला घासत वर गेला,
खरखरीत, मांडीची पेज अजून अंगात असलेला.
चक्र नाकासमोर आलं तेव्हा मी मोजायला लागलो.
सतरापर्यंत गेलो. वारा आला.

खाली उतरल्यावर बंदोबस्ताच्या शिपायानं विचारलं,
आवाज कसला होता?
म्हणालो, शिडीचा.

रात्री मुठीवर काळी टेप गुंडाळली,
खांबावरच्या जोडाला लावतो तीच,
चार वेढे. खटका मोकळा ठेवला.
मावशीला दाखवला. "आता बरं दिसतंय," म्हणाली
अन् शेंगा फोडायला घेऊन गेली, परत दिला नाही दोन दिवस.

टेपखाली अंगठ्याला अजून लागतं चक्र,
थोडं वर आलेलं, जुन्या देवीच्या वणासारखं.
काम नसलं की मी ते फिरवत बसतो.

अन् आफताब, पेरू समोर ठेवून,
काळ्या मुठीकडं बघत,
"ए, झेंडा दे की."