अर्धा कप

आठ वाजता फाटक.
सर्जेराव तोंडाशी नाक आणतो, म्हणतो, हां कर.
मग वहीत रकाना : वास. आहे, नाही.
इलाहीचाचा रोज आधीच सांगून टाकतात,
"कांदा खाल्लाय रं, भाकरीसंगं."
खाल्लेला असतोच कांदा.

खाटा सतरा, माणसं एकोणीस.
चपला उशाखाली ठेवायच्या,
हा नियम भिंतीवरच्या पाटीत नाही.
निवास फौंड्रीत भट्टीपाशी होता,
पगाराची तारीख अजून त्याच्या अंगाला कळते.
सात तारखेला तो चपला सर्जेरावाकडं देतो
आणि भिंतीकडं तोंड करून झोपतो,
दुपारपास्नं.

पहाटे पंचगंगेवरनं गारठा येतो.
चहा मी करतो.
नव्या माणसाला अर्धा कप.
कंजूषपणा नाही ह्यात. भरून दिला
तर हातावर सांडतो, आणि मग तो
एकेकाच्या तोंडाकडं बघत राहतो.
पाऊण कप तिसऱ्या आठवड्यात, साधारण.
काठोकाठ कधी, ते हात ठरवतात.

तातोबा दोन महिने अर्ध्यावर होता.
चप्पल लायनीत तीस वर्षं काढलेला माणूस,
वेणी घालायला बसला की
वादी एकीकडं, भोक एकीकडं.
"जाऊ दे," म्हणायचा,
"म्हैस मरून गेल्या कवाच. तिला काय घाई?"

चैत्रात मी जोतिबाला जातो म्हणून गेलो.
डोंगर चढलो नाही.
स्टँडामागं अकरा दिवस.
गुलाल मात्र अंगभर होता, कुणाचा, ठाऊक नाही.
बाराव्याला परत आलो.
बाराव्याला म्हणजे बाराव्या दिवशी,
तसा जिवंतच होतो.

सर्जेरावानं नाक पुढं केलं नाही.
लांबूनच लिहिलं : आहे.
वही मिटली. बाहेरच्या पडवीत
पोतं अंथरून दिलं, वर त्याचंच घोंगडं.

उजाडता किटली वाजली.
चहा तातोबानं केला होता.
आलं जरा जास्त. धार सरळ.
निवासला काठोकाठ, चाचांना काठोकाठ,
माझ्याशी आला, मी कप धरला,
तशी मध्यावर थांबली धार.
काही बोलला नाही. पुढं सरकला.

मी इतकी वर्षं ओतत आलो,
इतका नेमका अर्धा मला कधी जमला नव्हता.

तरी थोडा सांडलाच.