दोन आडनावं

आईचा उजवा अंगठा वाकत नाही.
केलेनच्या शेडमध्ये, टोचणीच्या टेबलावर,
तासाला दोन हजार पोटं टोचायची ती:
गुंगीतलं पिल्लू उताणं धरायचं, टोचायचं, पन्हळीत सोडायचं.
एका सकाळी सुई माशाऐवजी तिच्यात शिरली.
तेलात घोळलेला मेलेला जंतू,
थेंबभर.

मी प्वेर्तो माँतच्या प्रयोगशाळेत, रात्रपाळीला.
तेच मासे वाचते, चार अक्षरांत.

हाडांचे मासे म्हणतात यांना,
आणि रक्त घडवणारा मगज यांच्या हाडांत नाही.
ते काम डोक्यामागच्या मूत्रपिंडाने अंगावर घेतलंय,
जसं आमच्या बेटावर टपालाचं,
किराणावाल्या रेमिहिओने.
तिथे एकेक पेशी लोकरीच्या टोपलीत हात घालते:
लांब धाग्यांतला एक, मधला एक इवलासा,
टोकाचा एक आखूड.
गाठ मारते.
गाठीत दोन-चार अक्षरं कुणीच न दिलेली,
आयत्या वेळी सुचलेली.
मधलं सगळं कातरून टाकते. उसवायची सोय नाही.
या एवढ्या गाठीने ओळखायचा शत्रू,
कधीच न पाहिलेला.

आणि सॅमनकडे टोपल्या दोन.

आठ-दहा कोटी वर्षांमागे यांच्या कुणा पूर्वजाने
अख्खं बाडच दुप्पट उतरवून घेतलं.
चुकून. चुकीला तेव्हा कुणी रागावलं नाही.
आमच्या चिलोएत घर हलवतात, मिंगा म्हणतात त्याला:
ओंडके घालून, बैल जुंपून,
कधी भरतीवर तरंगवत पलीकडच्या किनाऱ्याला,
आणि गावाला पोटभर जेवण.
पण घर एकच असतं.
इथे घर हललं, आणि जुन्या जागीही उभंच राहिलं.
दोन टेकड्यांवर एकाच चुलीचा धूर.
मग एका घराची फळी निघाली,
दुसऱ्यात कुणी खिडकी वाढवली,
आणि कल्ल्यांच्या उंबऱ्यावर बसणारा तो राखणदार,
ज्याला आम्ही नुसतं ‘टी’ म्हणतो,
त्याच्या कितीतरी प्रतींत भलत्याच ओळीला लिहिलंय:
थांब.
थांबलेल्या त्या प्रती अजून तिथेच आहेत.
कुणी उचलून नेत नाही.

(आपल्या आतड्यात त्याच कामाला
दुसराच कुणी ठेवलाय, त्याच्या घरचा नव्हे.
आणि उत्तरेकडच्या एका मिशाळ माशाकडे
‘टी’ मुळातच नाही. त्याचं काही अडत नाही.)

माझं नाव मिरेया ऊएन्चूर बार्रिया.
बापाचं आधी, आईचं नंतर, इथली रीत.
बाप पुन्ता अरेनासला गेला तो गेलाच,
आडनाव तेवढं ठेवून गेला.
फॉर्मवर दोन्ही लिहिते.
हाक एकानेच येते.

दुसऱ्या उन्हाळ्यात पिंजऱ्यातले मासे मेले.
टोचलेले. काळवंडलेले, पृष्ठभागाशी रेंगाळणारे,
मग पोट वर.
बोटीने, पिंपांतून, दिवसभर.
आईने विचारलं, टोचलं होतं ना यांना? मीच टोचलं होतं.
म्हटलं, हो.
मग आठवलं कसं नाही?
म्हटलं, आठवतं, थोडं.
थंड पाण्यात सावकाश आठवतं,
आणि तो जंतू पेशीच्या आतच लपून बसतो.
आपल्यासारखी तालीम नाही त्यांची,
पुन्हा पुन्हा घोटून धार काढायची.
ती काही बोलली नाही.

चार बोटांनी बटाटे सोलत होती,
जांभळे, वाकडेतिकडे, ज्यांना बाजारात नाव नाही.
गार वारा सुटला की अंगठा सुजतो तिचा,
अजून, अकरा वर्षांनी,
त्या एका थेंबावर.

साल एकसंध उतरत होती.
म्हणाली, मला तर कुणी विसरूच देत नाही,
आणि बटाटा माझ्या हातात दिला.