कुत्रा उठून गेला तेव्हा

लिएपायाच्या खलाशी क्लबाचा ॲम्प्लिफायर
गुन्तार्सने तिसऱ्यांदा आणला,
माशांच्या खोक्यात, जुन्या स्वेटरवर निजवून.
"व्हॉल्व्ह पुन्हा गेले," म्हणाला,
शेजाऱ्याच्या कोंबड्यांची तक्रार करावी तसं.

मी तो उलटा केला.
आत माझंच काम. मार्चमधलं सोल्डर, मेमधलं सोल्डर,
चकचकीत, कुणाला दाखवावं असं.
व्होल्टेज मोजलं. बरोबर.
हीटरच्या तारा वेणीसारख्या घट्ट पिळलेल्या,
अर्थिंगच्या साऱ्या वायरी एकाच स्क्रूखाली.
स्पीकरला कान लावला.
गुणगुण नाही, खरखर नाही,
खिडकीला धडकणारा समुद्राचा वारा तेवढा.

आणि तरी डाव्या व्हॉल्व्हची प्लेट
काचेआड लाल होत चाललेली,
चुलीवर विसरलेल्या चमच्यासारखी.
याला अजून कुणी गाणं दिलेलं नाही.
मग हा तापतो कशाने?

ऑसिलोस्कोप रीगाला, स्वतःच दुरुस्तीला गेलेला.

चार वाजता वरच्या मजल्यावरचा तालिस चहाला उतरला.
चाळीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात.
आता उजवा कान, त्याच्याच शब्दांत,
चष्म्याची काडी अडकवण्यापुरता.
मागोमाग त्याचा कुत्रा, पिपर्स.

मी बटण दाबलं.
पिपर्सने मान वर केली, कान मागे पाडले,
आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला.
बंद केलं. परत आला.
चालू. गेला.
तीनदा केलं. चौथ्यांदा त्याने माझ्याकडे जे पाहिलं
ते इथे लिहीत नाही.

तालिस हसत सुटला, चहा सांडेपर्यंत.
"गातोय की तो! वेल्गा, गातोय,
आपल्या कानांच्या वरच्या मजल्यावर."

मग मला मार्च आठवला.
जुना ट्रान्सफॉर्मर जळलेला, मी नवा बसवला,
मोठा, दुसऱ्या कारखान्याचा, जास्त चांगला,
आणि फीडबॅकवरचा एवढासा कपॅसिटर
कापून टाकला. कुणीतरी उगाच लावलाय म्हणून.

बाहेर पडणाऱ्या आवाजातला चिमूटभर
आपण मागे आणतो, चूक दाखवायला.
तो येतो आणि "नाही" म्हणतो. त्यासाठीच तो.
पण वर, फार वरच्या सुरांत,
त्याला वाटेत उशीर होतो,
आणि उशिरा पोचलेलं "नाही"
"हो" होऊन पोचतं.
मग होला हो, होला हो,
रिकाम्या खोलीत, कुणी न बोलावता,
काच तापेपर्यंत.

लाकडी पेन्सिलीने निळी तार ढकलली,
पिवळीपासून चार बोटं लांब.
ग्रिडला हजार ओहमचा रेझिस्टर लावला,
थेट व्हॉल्व्हच्या पायाशी.
पाहुण्याला अडवायचं तर उंबऱ्यावर,
अंगणातून हाका मारून नाही.
मग कपॅसिटर, एकेक करून.
सत्तेचाळीस पिकोफॅरड: पिपर्स दाराशीच.
शंभर: वळला, हवा हुंगली.
दोनशेवीस:
आला, माझ्या डाव्या बुटावर हनुवटी टेकली,
आणि मला तासभर पाय हलवता आला नाही.
व्हॉल्व्ह काळा. काळाच राहिला.

गुन्तार्सला बिल दिलं:
एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, नव्वद सेंट.
मजुरी लावली नाही. दोन जोड्या मीच जाळल्या होत्या.
"एवढंच?" त्याने विचारलं.
"आणि एक हाड, चांगलं मोठं," तालिस म्हणाला.

रात्री दुकान बंद करताना
तालिस पायरीवर थांबला.
"कसं गात असेल गं तो?"
आम्ही दोघांनी पिपर्सकडे पाहिलं.
तो झोपला होता.