एक ते दोन

दुपारी एकला पायलिंगचं मशीन थांबतं.
समोरच्या प्लॉटवरचे मजूर हेल्मेटं काढून
पत्र्याच्या सावलीत डबे उघडतात,
आणि प्रभादेवीतल्या माझ्या चौथ्या मजल्यावर
जमीन पुन्हा जमिनीसारखी होते.

त्याआधी सुई टेकवण्यात अर्थ नसतो.
प्रत्येक ठोक्याला ती चार रेघा ओलांडून पळते,
पालीसारखी.

एक ते दोन. तेवढंच माझं.
पंखा बंद. फ्रिज बंद.
एकदा दूध नासलं. नासू दे.
मोबाइल तांदळाच्या डब्यात खुपसलेला,
तिथून त्याचा थरकाप ऐकू येत नाही.

आज शेजारचा ओजस आलाय, वय नऊ,
आई बँकेतून येईपर्यंत माझ्याकडे.
"कुठलं गाणं, मावशी?"
"हे."
"नाव काय त्याचं?"
तबकडीच्या पोटावरचा कागद कसरीने खाल्लाय.
उरलंय फक्त ‘बाई’,
आणि अर्धा मोर.

ठाकूरद्वारला त्रिलोकेकरांची खोली रिकामी झाली
तेव्हा भंगारवाल्याच्या तराजूत होती ही,
स्टोव्ह आणि पितळी कड्यांच्या मधोमध.
किलोचा भाव लावला त्याने.
वर म्हणाला, फुटली तर परत घेणार नाही.
लाखेची आहे. बांगडीसारखी फुटते.
ओढणीत गुंडाळून पोटाशी धरली,
तर बसमध्ये एका म्हाताऱ्याने
उठून मला जागा दिली.

हेच गाणं मोबाइलमध्येही आहे.
शोधलं मी. धुऊन, इस्त्री करून ठेवलेलं.
खरखर गेलीय, सारंगी पुढे आलीय,
गाणारीच्या जागी ‘विविध कलाकार’
आणि खाली : हे आवडलं तर तेही आवडेल.
वर्षभर तिथंच ऐकलं.
भाजी चिरताना, हप्ता भरताना,
आईच्या रिपोर्टची वाट बघताना.
ऐकलं म्हणजे काय,
घरात कोणीतरी असावं म्हणून
चालू ठेवलं.

ओजसला मांडी घालून बसवते.
"आता काय करायचं?"
"काही नाही."
"किती वेळ?"
"तीन मिनिटं."
तो घड्याळाकडे बघतो. मी रागावत नाही.
मलाही आधी आधी
पहिल्याच मिनिटाला पाठीवर खाज सुटायची.

खरखर.
मग तिच्यातून वर येतो आवाज,
उंच, जरासा नाकातला, घाईतला.
तिला ठाऊक आहे, मेणावरची जागा संपत चाललीय.
एक तान ती अर्ध्यावर दुमडते,
कामाला लागताना पदर खोचावा तशी,
आणि समेवर येते. वेळेत.
ओजस हलत नाही.
त्याचा अंगठा मात्र एकदा गुडघ्यावर सरकतो,
गाणं पुढे ढकलायला.
गुडघा तिथंच राहतो. गाणंही.

सारंगी पुरती थांबायच्या आत
ती बोलते. गाण्याच्या नाही,
परड्यातून हाक मारायच्या आवाजात :
"मी सगुणाबाई केरीकर!"

मोबाइलात हे नाही.
तिथलं गाणं चार सेकंद आधीच मिटतं.

"कोणाला सांगतेय ती?"
"यंत्रापलीकडच्या साहेबाला.
कागदावर काय छापायचं, ते कळावं म्हणून."
"पण कागद तर खाल्ला ना?"
"हो."

ओजस जरा वेळ गप्प.
सुई शेवटच्या रेघेत अजून गरगरतेय.
तिच्यावर ओणवा होऊन, शाळेत हजेरी द्यावी तसं
तो म्हणतो,
"मी ओजस पाठारे. चौथी ब."

दोनला सात मिनिटं कमी.
दुसरी बाजू आहे अजून, मीही न ऐकलेली.
पिन बदलायची, तबकडी उलटायची.
"मी उलटू?"
त्याच्या बोटांना वरणाचा वास.

खाली कोणीतरी डब्याचं झाकण दाबून बसवतंय.

"कडेने धर," मी म्हणते.