लॉयथेनची तालीम

पासपोर्टवर जन्मगाव बेळगाम, आधारवर बेळगावी,
आणि घरात मी बेळगाव म्हणतो.
व्हिसाच्या एजंटानं तिन्हींखाली पेन्सिलीनं रेघ मारली,
म्हणाला, सर, प्रतिज्ञापत्र लागेल.

प्रवासाचं कारण?
पर्यटन, असं त्यानंच लिहिलं.
परक्यांची शेतं बघायला जातोय
हे कुठल्या रकान्यात बसणार?
फोंतेन्वा, मिंडेन, रोसबाख, लॉयथेन.
चार लढाया, अकरा दिवस, रेल्वेचा पास
आणि सुभेदार पाश्चापुऱ्यांचा उजवा गुडघा.

लॉयथेन आधी सापडेचना.
गाव जागेवरच होतं, मधे देश सरकला,
पाटी आता लुतिन्या म्हणते.
सुभेदार नुसते हं म्हणाले.
शहापूरच्या माणसाला यात नवल ते काय.

जमीन पायाखाली आल्याशिवाय लढाई कळत नाही,
असं त्यांचं मत.
म्हणून पाच डिसेंबरला, तिकडच्या तारखेलाच,
त्यांच्या स्कूटरवरून आम्ही येळ्ळूरला गेलो.
एक थर्मास, पाव किलो कुंदा.
ते बांधावर बसले: ऑस्ट्रियाची अख्खी फौज.
मी प्रशियाचा राजा.
राजानं कशी बुटक्या टेकड्यांआडून पलटण नेली
आणि भलत्याच बगलेवर काढली,
तसा मी मसुराच्या कडेनं, उंचवट्याआड, वाकून.
"दिसतोय का?"
"टोपी दिसती."
"आता?"
"आता दिसत नाही. धापा ऐकू येतात."

पावलं मोजत होतो.
छत्तीस वर्षं भूमापन खात्यात काढल्यावर
नुसतं चालता येत नाही.
एकशे बारा. एकशे तेरा.
आणि विळा घेऊन ती समोर.

"काय मोजूलासा हो?
रस्त्याला असंल तर सांगून ठेवतो,
एक गुंठा सोडणार नाही."
मग टोपीखालचं तोंड नीट बघितलं.
"तुम्ही त्येच की.
ब्याण्णवला साखळी घेऊन आलेलासा.
मल्लूबाईचा बांध दीड हात आत घातलासा."

मला आठवेना.
दीड हात म्हणजे आमच्या नकाशावर
पेन्सिलीच्या टोकाची जाडी.

सुभेदार लंगडत आले, त्यांनी समजावलं:
लांबचा मुलुख, अडीचशे वर्षं होऊन गेली,
असाच चढ, असाच डिसेंबर, एक राजा,
पस्तीस हजार माणूस.
तिनं सगळं ऐकून घेतलं. विळा कमरेला.
"शेतात काय होतं?"
"कोण होतं?"
"कोण न्हवं. काय. डिसेंबर म्हणतासा,
म्हंजे रानात काहीतरी उभं असणार की."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं.
तोफा किती, मला माहीत आहे.
स्मशानाच्या भिंतीला भगदाड कुणी पाडलं,
अंधार किती वाजता पडला, तेही.
सात पुस्तकं मागवली होती, दोन जर्मन,
शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली.
पीक कुणी लिहिलेलं नाही.

"बरं," ती म्हणाली, "परत जाताना
मसुरातनं नको. बांधावरनं जावा."

राजा बांधावरून परत आला.
कुंदा तिला दिला, तिनं पदरात घेतला,
पण दीड हाताचं काही बोलली नाही.
मीही नाही.

रात्री वही काढली.
लुतिन्याच्या पानावर बसचा नंबर होता,
उतरायचा थांबा, पावसाळी बूट.
त्याखाली लिहिलं:
विचारणे, पाच डिसेंबरला इथे काय पेरलेलं असतं.
विचारणे, तेव्हा कुणाचं होतं.
आणि समासात, बारीक: येळ्ळूर, जुना नकाशा, एकदा बघणे.

शुक्रवारी अकरा वाजता नोटरी.
बेळगाम, बेळगावी, बेळगाव
ही एकाच जागेची नावं आहेत,
असं मी शपथेवर सांगणार आहे.