टचिंग

मिल्टन कीन्सला कुरणात सिमेंटच्या गाई आहेत.
अस्सल सिमेंटच्या म्हणे म्युझियममध्ये नेल्या,
ह्या त्यांच्या नकला.
त्यातल्या एकीला टेकून
माझी नात केया, फोन तिवईवर लावून, रडते.

खरंच रडते. सकाळी निकाल लागला,
मनातलं विद्यापीठ हुकलं,
नाक लाल, काजळ गालापर्यंत आलेलं.
मी बाकावर बसून थर्मासच्या झाकणात चहा ओततो,
तिकडे बघत नाही असं दाखवतो.
मग ती थांबते.
फोन बघते. ऊन मागून येतंय म्हणते.
तिवई उचलून गाईच्या पलीकडच्या अंगाला नेते
आणि पहिल्यापासून रडते.

रात्री जेवताना हेमंत म्हणाला,
बाबा, तुम्ही होतात ना तिथे?
सांगा, हे काय खरं रडणं झालं?
सगळे थांबले, म्हातारा आता बोलेल म्हणून.
मी वरणावर लिंबू पिळत राहिलो.
बी पडली, ती काढत बसलो.

काय बोलू.
बावीस वर्षं मिरजेत मुजावरांच्या स्टुडिओत
मी टचिंग केलं.
निगेटिव्ह काचेवर, खालून बल्ब, डोळ्याला भिंग,
हातात फोर-एच पेन्सिल, सुईसारखं टोक काढलेली.
निगेटिव्हवर देवीचा व्रण म्हणजे
उजेडाचं एवढंसं भोक.
ते भरायचं. मग दुसरं.
कवठ्याच्या शालनच्या एका गालावर
मी एकशे चाळीस भरली.
तिचे वडील काउंटरवर वाकून म्हणाले होते,
जरा उजळ करा मास्तर,
पण खोटं वाटायला नको.

वाटलं नाही. लग्न जमलं.
पुढच्या वर्षी नवऱ्याबरोबर फोटो काढायला आली,
मांडीवर मूल.
जाताना मला म्हणाली, ह्यावेळी राहू द्या.
मी तरी भरलीच. हात थांबेना.

आणि भावाला पत्रं लिहायचो तेव्हा?
इकडील सर्व क्षेम.
कांता तापाने फणफणलेली, तरी क्षेम.
स्टुडिओला कुलूप लागलं त्या महिन्यात क्षेम,
वर मायना, खाली चिरंजीवांस अनेक आशीर्वाद,
मधे कुठेतरी, शाई बदलल्यासारखं,
दोनशे रुपये पाठवता आले तर बघ.
ते पत्र मी तीनदा लिहिलं होतं.
पहिल्या दोन्हींत अक्षर हललं होतं.

हे हेमंतला सांगितलं नाही.

साडेअकराला ती पाणी प्यायला खाली आली.
आबा, कुठला टाकू?
पहिल्यात अर्धं तोंड चौकटीबाहेर, श्वास लागलेला.
दुसऱ्यात सगळं दिसतं, गाईचा कानसुद्धा.
मी चष्मा कपाळावर सारून फोन नाकापाशी धरला.
म्हटलं, दुसऱ्यात हनुवटीखाली सावली आलीय.
ती बघतच राहिली.
एवढंच?
एवढंच मला कळतं, म्हटलं.

मग तिने फोन माझ्याकडे वळवला.
मी कॉलरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला,
कवळी जिभेने नीट बसवली.
आबा, नॅचरल!
म्हणजे कसं गं, असं विचारायला तोंड उघडलं
आणि तिने दाबलं.

एक डोळा मिटलेला. कानात यंत्र.
पुसून टाक, म्हटलं.
नाही म्हणाली.
कुणाला पाठवणार नाही असं म्हणते,
मुलांचं काही सांगता येत नाही.

ती वर गेल्यावर दिवा मालवायचा राहिला.
तिने माझ्याही फोनवर धाडलाय तो.
उजव्या गालावर एक डाग आहे, वाटाण्याएवढा,
कधी आला कळलंच नाही.
फोर-एच असती
तर अर्ध्या मिनिटाचं काम.